ताईच्या ऑपरेशनची तारीख आणि माझं मीठ-पाणी

तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. हसा बिनधास्त. आई सोडून सगळे हसलेत. फक्त एक करा, चहाचा घोट तोंडात धरून ऐकू नका, ठसका लागेल. वेडेपणा प्रत्येक जण करतो हो, पण माझा वेडेपणा पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या फाईलीत डॉक्टरच्या अक्षरात लिहिलेला आहे. आता बोला!

आधी माणसं सांगतो. आमचं घर भाटघर धरणाच्या काठाला. घरात आई, ताई आणि मी. दादा होता. आठ महिने झाले. तो सगळ्यात थोरला, मग ताई, आणि शेंडेफळ मी. दादाचं वजन एकशे चाळीसच्या पुढं. डॉक्टरांनी त्याला पोट बारीक करायचं ऑपरेशन सांगितलं होतं. तो म्हणाला, भात काढून होऊ दे. भात काढला. म्हणाला, हरभरा पेरून होऊ दे. मग एका सकाळी शेळ्यांच्या वाड्यापाशी खाली बसला, छातीत जळजळतंय म्हणाला, आणि भोरला पोचेस्तोवर संपला. गाडी मी चालवत होतो.

त्याच्यावर जास्त बोलत नाही. बोललो की गोष्ट बाजूला राहते.

गाडी म्हणजे टेम्पो. दादाचाच, आता मी चालवतो. वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांवर जायचं, शेळ्या-बोकडं घ्यायची, आणि सारोळ्याला हायवेवर व्यापाऱ्याला जिवंत वजनावर द्यायची. हा आमचा धंदा. माझं शिक्षण सातवी. म्हणजे सातवीत बसलो होतो, एवढं खरं.

ताई शिरवळच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. आठ तास उभं राहायचं काम. उंची पाच फूट एक इंच, वजन नव्याण्णव किलो. गुडघे गेलेले, शुगर, आणि झोपेत श्वास अडकतो म्हणून नाकाला मशीन लावून झोपायचं. दादाचं तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी ती चुलीपाशी बसून म्हणाली, "आई, दादाला सांगितलं हुतं ना, ते ऑपरेशन म्या करून घेणार. कंपनीचा इमा हाय."

आईनं चुलीत लाकूड सारलं. मी मात्र लगेच टेम्पोची चावी उचलली. ताई म्हणाली, "आरं बस खाली! आज न्हाई जायचं."

मला वाटलं होतं, गेलं की करतात. तुम्हालाही तसंच वाटत असेल तर ऐका. आधी पोटाचे डॉक्टर. ते म्हणाले छातीच्या डॉक्टरांना दाखवा. छातीवाले म्हणाले हृदयवाल्यांना दाखवा. मग मनाचे डॉक्टर! त्यांनी ताईला विचारलं, "तुम्हाला हे ऑपरेशन का करायचं आहे?" ताई म्हणाली, "जगायचंय म्हणून." त्यांनी लिहून घेतलं. शेवटी आहाराच्या मॅडम. आणि हे सगळं झालं की विम्याचं टेबल.

त्या टेबलावर एक चष्मेवाले साहेब बसायचे. बोलायला मऊ, पण बोलायचे एकच वाक्य. "विमा कंपनीकडून उत्तर आलं की कळवतो."

पहिला घोळ मीच घातला. फॉर्मवर एक रकाना होता, घरातल्या संपर्काच्या माणसाचा. मी दादाचं नाव आणि दादाचा नंबर लिहून मोकळा. लिहिताना काहीही वाटलं नाही. लहानपणापासून कुठलाही फॉर्म असो, त्या जागी त्याचंच नाव लिहायचं, हे हाताला पाठ.

आता दादाचा मोबाईल आई रोज चार्ज करते. का करते, आम्ही विचारत नाही. तर विमा कंपनीतून त्यावर फोन आला. हिंदीतून कोणी मुलगी बोलत होती. आईनं ऐकून घेतलं, म्हणाली, "तो न्हाई बाळा," आणि फोन ठेवला. आठ दिवसांनी फाईल परत. शेरा : संपर्क व्यक्ती उपलब्ध नाही.

साहेबांनी मला विचारलं, "हे कुठं असतात? कधी उपलब्ध होतील?"

मी म्हणालो, "साहेब, आता नाही होणार."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, ताईकडं पाहिलं, आणि खणातून नवा फॉर्म काढून स्वतःच भरायला घेतला. तेव्हापासून तो माणूस मला आवडतो. पण महिना गेला तो गेलाच.

मग शंका सुरू झाल्या. कंपनीनं विचारलं, याआधी वजन कमी करायचा प्रयत्न केल्याचा पुरावा द्या. आता याला पुरावा काय असतो? ताई दोन वर्षं पहाटे उठून धरणाच्या भिंतीपर्यंत चालत जायची. मी म्हणालो, "साहेब, रस्त्यावरची कुत्री तिला ओळखतात, त्यांचं लिहून आणू का?" साहेब म्हणाले, "कुत्र्यांचं चालणार नाही, डॉक्टरांचं आणा."

मी रोज सकाळी दहाला फोन करायचो. इकडं मागं बोकडं ओरडायची, तिकडं साहेब उचलायचे आणि म्हणायचे, "बोला, बोकडवाले. अजून नाही."

मला धीर धरवत नव्हता. ताई झोपली की मी मशीनचा आवाज ऐकत पडायचो. वाट बघण्यात माणूस जातो, हे एकदा बघितलं होतं ना! म्हणून एक दिवस साहेबांना सरळ विचारलं, "कंपनी बघते तरी काय?"

साहेबांनी समजावून सांगितलं. वजन आणि उंची मिळून एक आकडा काढतात. त्या आकड्याच्या वर असलं तरच विमा. "ताईंच्या उंचीला शहाण्णव किलोच्या वर पाहिजे. त्या नव्याण्णव आहेत. काळजी नको."

शहाण्णव. हा आकडा माझ्या डोक्यात असा बसला, जसा काही दगडात कोरला.

आणि एका सोमवारी मंजुरी आली! साहेबांनी स्वतः फोन केला. "बोकडवाले, आली." मी सारोळ्याला भर बाजारात ओरडलो. व्यापाऱ्याला वाटलं भाव वाढला.

ऑपरेशनची तारीख ठरली पुढच्या तीन आठवड्यांत. आदल्या दिवशी भरती. त्याआधी ताईला मॅडमनी बोलावलं, खाण्यापिण्याचं सांगायला. मी पण गेलो होतो. पण टेम्पोत दोन बोकडं होती, ती सारोळ्याला द्यायची राहिली होती. हॉस्पिटलच्या गेटवर वॉचमन म्हणाला, जनावरं आत नेता येणार नाहीत. मी म्हणालो, आत नेत नाही, उभी करतो. तो म्हणाला, ओरडतात. मी म्हणालो, बोकडं आहेत, ओरडणारच. या भांडणात पाऊण तास गेला. तेवढ्यात आत मॅडमनी ताईला काय काय सांगितलं, ते मी ऐकलंच नाही.

ताई बाहेर आली ती हातात कागद घेऊन. "पंधरा दिस निस्तं पातळ प्यायचं. साय काढल्यालं दूध, त्यात त्यांची पावडर, डाळीचं वरचं पाणी, ताक."

"पंधरा दिवस? ऑपरेशनच्या आधी एक दिवस उपाशी ठेवतात ना?"

"म्हंत्यात त्यानं आतलं बारीक हुतं."

मला वाटलं, पोट बारीक होतं. तेच तर करायचंय! मग आधीच कशाला?

आता ताईचं ऐका. आमच्या घरी इंद्रायणी भात. भांड्याचं झाकण काढलं की वास ओसरीपर्यंत येतो. तो वास सुटला की ताई उठून शेळ्यांच्या वाड्यात जाऊन बसायची. लेंड्यांच्या वासात! म्हणायची, "हितं बरं वाटतंय." दहा दिवस त्या बाईनं भाताचं शीत तोंडात घातलं नाही. कंपनीत डबे उघडले की ती पाण्याची बाटली घेऊन बाहेर उभी राहायची.

दहाव्या दिवशी ती म्हणाली, "पक्या, किती उतरलं बघायचंय."

घरात काटा एकच, बोकडांचा. फळीवाला, मोठा, जनावर उभं करायचा. मी पुसून अंगणात ठेवला.

"ह्याच्यावर? आरं माझा काय बाजार भरीवतोस व्हय?"

"चढ गं. बोकडाला चालतो, तुला का नाही?"

चढली. चौऱ्याण्णव किलो आठशे. ताई अशी हसली की दादा गेल्यापासून मी ते दात बघितले नव्हते. तिथूनच मॅडमना फोन लावला. "मॅडम, चार किलो गेलं!" मॅडम काय म्हणाल्या ऐकू आलं नाही, पण ताई लाजली.

आणि मी? माझ्या पायांखालची फळी सरकली. चौऱ्याण्णव! शहाण्णवच्या खाली!

तुम्हीच सांगा. मंजुरी कशाला? शहाण्णवच्या वर असलेल्या माणसाला. भरतीच्या दिवशी ही बाई चौऱ्याण्णव भरली तर कंपनी काय म्हणेल? बाई, तू बारीकच आहेस, घरी जा!

मी वाड्यामागं जाऊन साहेबांना फोन लावला. साहेब रजेवर. दुसरीच कोणी मुलगी बोलली.

"मॅडम, भरतीच्या दिवशी वजन घेतात का?"

"हो, घेतो आणि कंपनीला पाठवतो."

"आणि वजन कमी भरलं तर?"

"ते कंपनी बघेल."

झालं! त्या तीन शब्दांनी मी पुरता घाबरलो.

तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, आहाराच्या मॅडमना विचारायचंस. विचारलं असतं. पण मॅडम वेगळ्या टेबलाच्या. आमच्याकडं तलाठी एक सांगतो आणि तहसीलचा क्लार्क दुसरंच मागतो, आणि दोघांत एक भिंत असते फक्त. मला वाटलं, एका टेबलानं बारीक व्हा म्हणून सांगितलंय, त्यांना दुसऱ्या टेबलाचा नियम माहीत नाही. आणि ताईला सांगितलं तर ती मॅडमना विचारणार, मॅडम साहेबांना विचारणार, साहेब कंपनीला विचारणार. म्हणजे पुन्हा तीन महिने!

तर मी ठरवलं, हे आपण आपल्या पद्धतीनं निस्तरू.

आमची पद्धत काय? तुम्हाला म्हणून सांगतो. बोकड काट्यावर चढायच्या आधी दोन दिवस त्याला भरड्यातून, म्हणजे खुराकातून, मीठ घालायचं. मीठ खाल्लं की तहान लागते, तहान लागली की बोकड बादली बादली पाणी पितो. आणि काट्यापर्यंत त्याला मुतू द्यायचं नाही. दीड-दोन किलो आरामात वाढतात. सगळे करतात. घेणाऱ्यालाही माहीत असतं, तो तेवढं वजन कापून घेतो. म्हणजे कोणी कोणाला फसवत नाही, पण करायचं सगळ्यांनी.

त्याच दुपारी ताईच्या ताकात मी दोन चमचे मीठ घातलं.

ताईनं घोट घेतला. "आई, ताक लई खारट झालंय गं."

मी पटकन म्हणालो, "उन्हाचे दिवस आहेत, ताई. घामानं मीठ जातं. मॅडमचा फोन आला होता, पाणी भरपूर प्यायला सांगितलंय."

"तुला फोन आला? मला न्हाई आला तो?"

"तुझा लागत नव्हता."

खोटं बोलायला शिक्षण लागत नाही बघा.

दुसऱ्या दिवशी डाळीच्या पाण्यात मीठ. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, नुसत्या पाण्यावर भरवसा नको, पाणी उतरतं. काहीतरी अंगाला लागेल असं पाहिजे. मग मी नाचणीची पेज केली. गूळ घातला, वरून तूप. ती पातळ व्हावी म्हणून पाणी ओतलं.

ताई म्हणाली, "ही कागदावर न्हाई."

"पातळ आहे का नाही?"

"हाय."

"मग! पातळ प्यायलाच सांगितलंय ना?"

ताई प्यायली. बिचारी दहा दिवसांची उपाशी, तिला गुळाची चव लागली आणि डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मॅडम लई चांगल्या हायेत रं." मला मनाच्या एका कोपऱ्यात कसंतरी झालं, पण मी म्हटलं, तिच्या जिवासाठीच करतोय.

भरतीच्या सकाळी मी तिला घरीच दोन तांबे पाणी पाजलं. टेम्पोत बाटली वेगळी. कापूरहोळ मागं पडलं आणि ताई म्हणाली, "पक्या, गाडी थांबीव."

"का?"

"का म्हंजी? पाणी किती पाजलंस! जायाचंय मला."

"ताई, थोडा दम धर. काटा होऊ दे, मग जा."

"काय होऊ दे?"

"म्हणजे... उशीर होतोय."

"आरं मेल्या, थांबीव! मोठी बहीण हाय म्या तुझी!"

नाही थांबवली. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभं राहिलो, ताई उतरायला निघाली, मी दाराला आतून कडी घातली. तुम्ही हसताय. तिनं तेव्हा माझ्या दंडाला काढलेला चिमटा पंधरा दिवस काळा-निळा होता. हॉस्पिटलात पोचल्यावर ती धावत संडासाकडं निघाली, नव्याण्णव किलोचं माणूस, गुडघे गेलेलं, धावत! मी आडवा झालो. "आधी वजन!" सिस्टर बघतच राहिली. म्हणाली, "भाऊ, एवढी काय घाई?"

ताई काट्यावर चढली. नव्याण्णव किलो तीनशे.

मी टाळी वाजवली. "पास! ताई, पास झालीस!"

खोलीत कोणीच टाळी वाजवली नाही. सिस्टरनं मॅडमना बोलावलं. मॅडमनी काटा पाहिला, कागद पाहिला, ताईचा पाय अंगठ्यानं दाबला. खड्डा पडला तो पडूनच राहिला.

"पाच दिवसांत साडेचार किलो? ताई, तुम्ही तर चौऱ्याण्णव सांगितलं होतं."

"हुतंच चौऱ्यान्नव मॅडम. देवाशपथ."

बीपी घेतलं. वर. शुगर घेतली. ती पण वर. ऑपरेशनचे डॉक्टर आले, उभ्या उभ्या बोलले. "लिव्हर लहान व्हावं म्हणून पंधरा दिवस दिले होते. लिव्हर पोटावर पसरलेलं असतं, ते आटलं नाही तर आत दुर्बीण सरकत नाही, फाटलं तर जीव जातो. आणि या बीपीवर भूल देता येणार नाही. उद्याचं रद्द. यांची जागा पुढच्या पेशंटला द्या."

डॉक्टर गेले. मॅडमनी ताईला खुर्चीवर बसवलं. हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, मी रागावत नाही. होतं असं. लपून काही खाल्लंत का?"

"न्हाई."

"थोडंसं? गोड वगैरे?"

"म्या काय बी न्हाई खाल्लं, मॅडम. निस्तं पातळ प्याले. तुमीच तर फोन करून सांगितलंत."

"मी फोन केला नव्हता, ताई."

ताईनं माझ्याकडं बघितलं. मी काट्याकडं बघितलं.

जाड माणसाचं खाण्याच्या बाबतीत कोणी खरं मानत नाही. ती दहा दिवस लेंड्यांच्या वासात बसली होती, आणि इथं तिला चोर ठरवत होते. मला गप्प बसवेना.

"मॅडम, तिनं नाही खाल्लं. मी चारलं."

"काय?"

"मीठ."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही बहिणीला मीठ चारलंत?"

"चारलं नाही, ताकात घातलं. आणि पाणी पाजलं. आणि पेज. आमच्यात काट्याआधी बोकडाला देतात तसं." आणि मग मी ते सगळं सांगितलं. शहाण्णव, कंपनी, ते कंपनी बघेल, तलाठी, सगळं.

मॅडमनी विम्याच्या साहेबांना बोलावून घेतलं. साहेबांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बोकडवाले, मंजुरी अर्जाच्या दिवशीच्या वजनावर मिळते. भरतीचं वजन आम्ही नुसतं नोंदीला पाठवतो. कमी झालं तर कंपनी खूश होते."

खूश होते!

सिस्टर तोंडाला रुमाल लावून बाहेर गेली. बाहेरून हसण्याचा आवाज आला. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "यांना काय झालं असतं, कळतंय का तुम्हाला?"

कळत होतं. तेवढ्यासाठी सातवी लागत नाही.

मंजुरीची मुदत संपणार होती, म्हणून नवा अर्ज. त्यात ऑपरेशन पुढं का ढकललं, ते डॉक्टरांनी लिहायचं असतं. त्यांनी लिहिलं : आहाराचे पालन झाले नाही (भावाकडून). कंपनीनं शंका काढली, भावाचा संबंध स्पष्ट करावा. मग मी पत्र लिहिलं. "मी खाली सही करणार, माझ्या बहिणीला न विचारता मीठ घातले. यात तिची चूक नाही. पुन्हा घालणार नाही." साहेबांनी शुद्धलेखन तपासून दिलं.

त्या दिवशी परत येताना ताई सारोळ्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. नीरेचा पूल दिसायला लागला तसा मी टेम्पो कडेला घेतला. खरं तर घराकडचं कापूरहोळचं वळण कधीच मागं गेलं होतं, मला कळलंच नव्हतं.

"बोल की काहीतरी," मी म्हणालो. "शिव्या दे."

"तुला एवढं कशाचं भ्या वाटलं?"

"मंजुरी रद्द झाली असती म्हणून. मग परत वाट बघा. दादा पण..."

"दादा वाट बघून न्हाई गेला, पक्या. दादा ऑपरेशनसाठी दवाखान्याची पायरीच चढला न्हाई. म्या चढतीया. लागू देत किती लागायचे ते दिस. तू निस्ती गाडी चालव." मग जरा थांबून म्हणाली, "आन् म्हनली की थांबीव."

मी गाडी वळवली.

एवढ्यावर सुटलो असतो तर बरं होतं. पण घरी येऊन तिनं आईसमोर शिक्षा सांगितली. "पुढच्या टायमाला माझ्यासंगं ह्यानं बी पातळच प्यायचं. तेवढंच. म्हंजी ध्यानात राहील."

दादा गेल्यापासून आई पहिल्यांदा जोरात बोलली. "त्या पोराला कशाला? काडी झालाय आधीच!"

पण मी हट्टाला पेटलो. म्हणालो, पंधरा नाही, एकवीस दिवस पिणार. ताई तेवढं करू शकते, मग मी का नाही? नवी मंजुरी आली, तारीख आली, आणि भरतीला एकवीस दिवस राहिले तसं मी सुरू केलं. ताईचं काम निदान उभं राहायचं. मला डोंगरात चढायचं, बोकडं खांद्यावर घेऊन उतरायचं. ताक पिऊन! पाचव्या दिवशी मला शेळ्यांचा भरडा चांगला दिसायला लागला. वाड्यात आता आम्ही दोघं बसायचो, भाताच्या वासाला पाठ करून. ताई म्हणायची, "जा, जेव जा." मी म्हणायचो, "भूकच नाही."

भरतीचा दिवस आला. या वेळी रस्त्यात तीनदा गाडी थांबवली. दोनदा तर तिनं सांगितलंही नव्हतं.

ताई काट्यावर चढली. त्र्याण्णव किलो चारशे. बीपी चांगलं. पाय दाबला, खड्डा नाही. मॅडमनी स्वतः टाळी वाजवली. साहेब दारात येऊन म्हणाले, "कागद पूर्ण आहेत. उद्या सकाळी पहिला नंबर."

मी आनंदानं खुर्चीवरून ताडकन उठलो. एवढं आठवतं.

डोळे उघडले तेव्हा मी बेडवर होतो. हाताला सलाईन. अंगावर हॉस्पिटलची चादर. एक तरुण डॉक्टर विचारत होते, "शेवटचं जेवण कधी केलंत?"

"एकवीस दिवस झाले."

"ऑपरेशन तुमचं आहे?"

"नाही. बहिणीचं."

डॉक्टरांनी सिस्टरकडं बघितलं. सिस्टरनं मान हलवली, म्हणजे पूर्ण गोष्ट तिला माहीत होती. त्या हॉस्पिटलात आता सगळ्यांनाच माहीत होती.

आता मला सांगा. ताईला त्या इमारतीत एक बेड मिळायला सहा महिने गेले. चार डॉक्टर, तीन अर्ज, किती शंका, एक माफीपत्र. मला बेड मिळायला किती वेळ लागला? साहेब म्हणाले, चार मिनिटं. कोणी उंची विचारली नाही, वजन विचारलं नाही, मनाच्या डॉक्टरांना दाखवलं नाही!

ताई शेजारी स्टुलावर बसली होती. जिच्या पोटावर उद्या शस्त्रक्रिया ती स्टुलावर, आणि मी गादीवर.

"ताई, तुला झोपायला पाहिजे ना?"

"गप पड. आन् सकाळी सातच्या आत नीट हो. माझ्या कागदावं नातेवाइकाची सही लागती. साहेब म्हनले, नातेवाईक शुद्धीवर असावा लागतोय."

मला वरण-भात आणून दिला. ताईनं स्टूल भिंतीकडं फिरवलं आणि म्हणाली, "सावकाश खा." मी खाल्लं. सगळं खाल्लं. एकवीस दिवसांनी भात खाताना काय होतं, ते सांगता येत नाही.

सकाळी सही केली. ताईला आत नेलं. मी दारासमोर उभा राहिलो. सिस्टर दोनदा म्हणाली बसा, मला बसवेना. साडेतीन तास उभाच होतो, भिंतीला हात लावून. मग दार उघडलं आणि तिला बाहेर आणलं. डोळे मिटलेले, ओठ सुकलेले, पण छाती वर-खाली होत होती. मी तेवढंच बघत होतो.

सिस्टर वाकून म्हणाली, "ताई, ऐकू येतंय का? ऑपरेशन छान झालं. काही त्रास होतोय का?"

ताईनं डोळे न उघडता विचारलं, "माझा भाऊ उभा हाय का?"

"उभा आहे की. हा काय, समोरच."

"मग आधी त्याला बसवा."